वळसा घातलेली फरशी

मिस्त्रीने त्या फरशीवर पाय ठेवला आणि ओट्याशी चहा पीत उभ्या असलेल्या तिच्या तोंडून ‘अहो, तिथे नको!’ असं निघून गेलं. मिस्त्री होता तिथेच थबकला. एक पाय फरशीवर, दुसरा अधांतरी, हातात मोजायची टेप लोंबते आहे. त्याच्या वजनाने फरशीचा एक कोपरा दबला आणि टक् करून परत वर आला. ‘का हो काकू? ओलं आहे का?’ त्याने विचारलं. फरशी कोरडी ठणठणीत होती. हे त्यालाही दिसत होतं आणि तिलाही. तरी तिच्या ओठांवर ‘हो’ आलंच होतं, ते तिने चहाच्या घोटाबरोबर गिळलं. ‘नाही, तसं काही नाही,’ ती म्हणाली. ‘आम्ही तिथे पाय देत नाही, इतकंच.’ मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, आणि दुसरा पायही तिथेच टेकवून तो मुद्दाम डुलला. टक्, टक्. बाहेरच्या माणसाने येऊन घराच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं की राग येतो की सुटल्यासारखं वाटतं, हे तिला पटकन ठरवता येईना. तिने कप ओट्यावर ठेवला आणि भिंतीकडून, कपाटाच्या कोपऱ्याला हात लावत, वळसा घेऊन ती दाराशी जाऊन उभी राहिली.

हा वळसा त्या घराचा होता. दारातून ओट्याकडे सरळ जायचं तर जेमतेम चार पावलं. पण त्या घरातलं कुणी कधी सरळ गेलं नव्हतं. आत शिरलं की डावीकडे कलायचं, कपाटाचा कोपरा धरायचा, बेसिनच्या भिंतीला अंग चोरून पुढे सरकायचं आणि मग ओट्याशी यायचं. हात लागून लागून कपाटाच्या त्या कोपऱ्याचा रंग उडाला होता आणि आतलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. लेक तर चालायला शिकली तीच अशी वळून. पुढे तिच्या मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा ती बोलण्याच्या ओघात त्यांना दंडाला धरून वळवायची, आणि आपण का वळलो हे त्या मुलींना कधी कळायचंही नाही. कुणाच्या घरी दार उचलून लावावं लागतं, कुणाच्या घरी नळ उलटा फिरतो. यांच्या घरी ही फरशी होती. घराच्या खोडी घरच्यांना दिसत नाहीत, जसा आपल्या तोंडाचा वास आपल्याला येत नाही.

सुरुवात झाली होती ती मात्र तिला लख्ख आठवत होती. लेक तेव्हा रांगत होती. एका दुपारी कारखान्यात कापड कापता कापता तिला हुडहुडी भरली म्हणून ती लवकर घरी आली, तर हे स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसलेले. लेकीला शेजारी ठेवलेलं. मधली फरशी उचललेली आणि खाली काळं भोक. तिला पाहताच ह्यांनी फरशी अशी झटक्यात खाली ठेवली, जसं उतू जाणाऱ्या दुधावर कुणी घाईने झाकण ठेवावं. ‘काय झालं?’ तिने विचारलं. ‘काही नाही,’ हे म्हणाले. ‘तिथे पाय देऊ नको, ओलं आहे.’ ती जाऊन पडली. ताप उतरून उठली तेव्हा फरशी जागेवर होती, कडेने सिमेंटची रेघ होती, आणि ती वळसा घालून ओट्याशी गेली. ओलं आहे म्हणाले होते. आता वाळलं असं सांगतील, म्हणून ती थांबली. ह्यांनी काही सांगितलं नाही. पहिले काही दिवस विचारायचं तिच्या डोक्यातूनच गेलं. नंतर विचारणं अवघड वाटायला लागलं. आणि त्यानंतर कधीतरी भीती वाटायला लागली. असा प्रश्न वेळेवर विचारला तर प्रश्न असतो, उशिरा विचारला की तो आरोप होतो. बरं, हेसुद्धा वळसा घालूनच जात! ज्याने फरशी बसवली तोच तिच्यावर पाय देत नाही, याहून मोठा पुरावा तो काय हवा? खाली काहीतरी कुजलं आहे, ह्यांना ते माहीत आहे, आणि आपण घाबरू नये म्हणून ह्यांनी ते झाकून टाकलं आहे, अशी तिची खूणगाठ पक्की झाली. मग ह्यांनी न सांगितलेलं तिने न विचारता सांभाळलं. संसार म्हणजे तरी दुसरं काय, असं तेव्हा तिला वाटायचंसुद्धा.

हे वजनकाटे दुरुस्त करत. दुकानादुकानांतले, कारखान्यांतले, दवाखान्यांतले बाळं तोलायचे. केसाएवढा फरक पडला तरी ह्यांचा जीव वरखाली व्हायचा, पण तो काट्यांपुरता. घरात आणि स्वतःच्या बाबतीत ‘काही नाही’ हे दोन शब्द ह्यांच्या जिभेवर कायम तयार. खांदा दुखायला लागला तेव्हा ‘काही नाही, आखडलाय’. धाप लागायला लागली तेव्हा ‘काही नाही, जिना चढला की लागतेच’. असं दुखणं अंगावर काढत काढत एक वर्ष गेलं आणि मग डॉक्टरांनी ह्यांच्या उघड्या पाठीवर एका हाताची बोटं ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यांवर ठोकत ठोकत हात खाली आणला. ती खुर्चीत बसून ऐकत होती. वर आवाज मोकळा होता आणि एका जागी तो एकदम बद्द झाला. ती डॉक्टर नव्हती, पण मडकं वाजवून घेणाऱ्या कुठल्याही बाईला तो फरक कळला असता. ‘आधी यायला हवं होतं,’ डॉक्टर म्हणाले. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हसून खांदे उडवले, काही नाही. ती ह्यांच्यावर रागावली होती आणि हे जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिचा तो राग गेला नव्हता. लोक म्हणत, माणूस गेला की राग उरत नाही. लोकांचं काय जातंय बोलायला.

आता दुरुस्ती निघाली ती लेकीमुळे. लेकीचं घरातलं नाव बारकी. कचेरीत मात्र ती चांगली मोठी होती. मोठमोठी कामं सुरू होण्याआधी त्यांत काय काय बिघडू शकेल याचा अंदाज बांधायचा, हे तिचं काम. लहानपणापासून तिचा पिंडच तो. सहलीला जायचं म्हटलं की हिचा पहिला प्रश्न, ‘आणि बस बंद पडली तर?’ मध्ये एकदा ती आईकडे आली, औषधाची बाटली तिने ओट्याजवळ खाली ठेवली, आणि बाटली आडवी होऊन घरंगळत बेसिनच्या भिंतीला जाऊन टेकली. लेक त्या बाटलीकडे बघत राहिली. तिने बाटली उचलून पुन्हा ठेवली, ती पुन्हा घरंगळली. ‘आई, जमीन बसतेय,’ ती म्हणाली. ‘अगं, जुनं घर, त्यात लाकडी माडी, थोडं कलायचंच,’ आई म्हणाली. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच? पुढच्याच सुट्टीला लेकीने टेबलाशी बसून सगळा बेत सांगितला. स्वयंपाक बाहेरच्या खोलीत हलवायचा. मिस्त्री जेवढे दिवस सांगेल त्याच्या दुप्पट धरायचे. फरशा जास्तीच्या आणून ठेवायच्या. भिंतीतली नळी गेलेली निघाली तर काय, फळ्या गेलेल्या निघाल्या तर काय, सगळ्याची सोय तिने मनाशी लावून ठेवली होती. ‘उघडल्यावर काय निघेल ते आत्ता कळत नाही ना आई, म्हणून निघेल असं धरूनच चालायचं.’ मग ती थोडी थांबली. ‘आणि मधली मोठी तुळई गेलेली निघाली, तर मात्र थांबायचं. सगळा डोलारा तिच्यावर आहे. मग हे घर देऊन टाकायचं आणि तू माझ्याकडे यायचं. कबूल?’ ‘कबूल,’ ती म्हणाली, आणि इतक्या पटकन म्हणाली की लेकीने चमकून वर पाहिलं. लेकीला वाटलं, आई समजूतदार आहे. खरी गोष्ट अशी होती की मोठी तुळई कुठल्या फरशीच्या खालून जाते हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि ज्याची भीती इतकी वर्षं पोसली त्याला नाही म्हणायलाही तोंड उघडेना.

तिला घर सोडायचं नव्हतं. लेक वाईट नव्हती, जावई बोलायला गोड होता, त्यांची खोली हवेशीर होती. पण या घरात अंधारात उठलं तरी तिचा हात बरोबर दिव्याच्या बटणावर पडायचा. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा आणि त्या जिन्यावरून कोण किती थकून चढतंय हे ती पावलांवरून सांगू शकायची. दुसऱ्याच्या घरात, मग ते लेकीचं का असेना, माणूस पाहुणा होतो. कप कुठे ठेवायचा ते विचारून ठेवतो. तिला उरलेले दिवस विचारून काढायचे नव्हते.

काम दाराच्या बाजूने सुरू झालं. मिस्त्री बोलका होता आणि स्वतःच्या अंदाजावर त्याचा भारी जीव होता. हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी वाजवायची, कान तिरका करायचा, आणि उघडायच्या आधीच निकाल सांगायचा. ‘ही टणटणीत. ही पण. हिच्याखाली पोकळ.’ निम्म्या वेळा बरोबर यायचं. निम्म्या वेळा चुकायचं, तेव्हा तो फरशीलाच दोष द्यायचा. ती बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या शेजारी मांडलेल्या शेगडीपाशी बसून ते ठोकणं ऐकायची. टण, टण, टण, बद. प्रत्येक ‘बद’ला तिचा हात थांबायचा. तिला पुन्हा पुन्हा ती उघडी पाठ आठवायची, पाठीवरचा तीळ आठवायचा, आणि डॉक्टरांचं बोट त्या तिळाच्या किती जवळून खाली गेलं तेही. घरभर धुळीचा थर बसला होता. कपांत, चादरींवर, ह्यांच्या फोटोच्या काचेवर. रोज संध्याकाळी ती काच पुसायची आणि पुसताना ह्यांना मनातल्या मनात म्हणायची, बघा, आता उघडतंय. तुम्ही सुटलात.

एका सकाळी ती कामाला निघायच्या बेतात असताना मिस्त्री दारात येऊन उभा राहिला. हात पुसत, आवाज उतरवून. मधल्या फरशीच्या चारी बाजू आता मोकळ्या झाल्या होत्या. ती एकटीच बेटासारखी उरली होती. ‘काकू, खरं सांगू का? माझा अंदाज विचाराल तर हिच्याखालची तुळई गेली. कडेने बघितलं ना मी, काळं काळं दिसतंय. ताईंचं काय ठरलंय ते तुम्हीच मला सांगितलंत. मग म्हटलं, आधी तुमच्याशी बोलावं.’ त्याने मागे वळून बघितलं, जणू कुणी ऐकत होतं. ‘ही उचलायलाच हवी असं काही नाही. दुपारी कडेने सिमेंट भरतो, वरून नवी बसवतो. डुगडुगणार नाही, वाजणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमच्या हयातीत तर काही होत नाही.’ त्याचं मन वाईट नव्हतं. म्हाताऱ्या बाईला घरातून उठवायचं पाप आपल्या हातून नको, एवढंच त्याच्या मनात होतं. तिला तो क्षणभर देवासारखा वाटला. ‘करा तसं,’ ती म्हणाली. आणि जिना उतरताना तिला इतकं हलकं वाटलं की खालच्या दुकानातल्या बाइंडरला तिने आपणहून हाक मारली. हा बाइंडर तिच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली बसून पुस्तकं बांधायचा आणि काम करता करता बेसूर गुणगुणायचा. त्याने खळीचा ब्रश वर करून तिला सलाम ठोकला. ‘चालू द्या ठोकाठोकी, मी तालावर गातोय!’ तो म्हणाला.

कारखान्यात तिच्यासमोर हिवाळी कोटांचं कापड पसरलं होतं. जाड, राखाडी, हाताला उबदार. तिने खडूने रेघ मारली आणि रेघेच्या बाहेर दोन बोटं सोडून कात्री लावली. शिवणीच्या आत राहणारं हे जास्तीचं कापड, त्यालाच शिवणकामात माया म्हणतात. बाहेरून ते कधी दिसत नाही. पण माणूस जाड होतो, खांदे उतरतात, दुसऱ्या कुणाच्या अंगावर तो कोट जातो, तेव्हा उसवून बघणाऱ्याला ते आत सापडतं. तिच्या मांडीवर सकाळीच कुणाचा तरी जुना कोट उसवायला आला होता. आत माया सोडलेलीच नव्हती. शिवण काठावरच घेतलेली, आणि एका जागी कापड कमी पडलं म्हणून कुणीतरी भलताच तुकडा जोडून वरून अस्तर मारून टाकलेलं. ‘कोण हा शहाणा?’ असं ती सकाळी तोंडातल्या तोंडात म्हणाली होती. आता तिला ते आठवलं आणि तिची कात्री मध्येच थांबली. राखाडी कापडाने तिला आणखीही एका गोष्टीची आठवण करून दिली. तिचा स्वतःचा एक कोट होता असा, तिने शिकाऊ असताना कापून शिवलेला पहिला कोट. कोपरं विरली तरी तिने तो टाकला नव्हता, आणि एके हिवाळ्यात तो घरातून नाहीसाच झाला. लाँड्रीवाल्याने हरवला म्हणून ती त्याच्याशी कडाकडा भांडली होती, त्याच्याकडे कपडे टाकायचं बंद केलं होतं. ‘जाऊ दे, जुनाच होता,’ हे म्हणाले होते. तेव्हासुद्धा काही नाही!

पण तिची कात्री थांबली ती कोटासाठी नव्हे. खाली बाइंडर बसतो. ‘तुमच्या हयातीत तर काही होत नाही,’ मिस्त्री म्हणाला होता, आणि तिने मान डोलावली होती. पण ती तुळई काही तिची हयात बघून थांबणार नव्हती. ती बरोबर त्या गुणगुणणाऱ्या डोक्याच्या वर होती. आणि आज ना उद्या त्या ओट्याशी बारकी उभी राहणार. सवयीने वळसा घेईल, आणि का घेते हे तिलाही सांगता येणार नाही. ह्यांनी झाकलं म्हणून मी इतकी वर्षं ह्यांच्यावर धुमसतेय, आणि आता मीच वरून सिमेंट भरायला सांगून आले, तेही हसत हसत. हा विचार आला आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. तिने अर्धवट कापलेलं कापड गुंडाळून ठेवलं, डोकं दुखतंय असं देखरेख करणाऱ्या बाईंना सांगितलं, आणि बाहेर पडून रस्त्यातूनच लेकीला फोन लावला. ‘बारके, येतेस का? मधली फरशी उचलायची आहे. तुळईवरची.’ पलीकडे लेकीने खुर्ची मागे सारल्याचा आवाज आला. ‘निघालेच,’ ती म्हणाली. आई घरी पोचली तेव्हा मिस्त्री घमेल्यात सिमेंट कालवत होता. ‘थांबा,’ ती दारातूनच म्हणाली. ‘उघडा ती.’ मिस्त्री म्हणाला, ‘काकू, बघा हं, खाजवून खरूज काढताय.’ ‘माझीच आहे,’ ती म्हणाली. ‘काढा.’

लेक आली, पर्स न ठेवताच आत आली, आणि दोघी मायलेकी बेसिनच्या भिंतीला टेकून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. लेकीने आईचा हात धरला; तिचा हात गार होता, म्हणजे पोरगीही घाबरली होती. मिस्त्रीने छिन्नी घातली. फरशी एवढी सैल होती की एका हिसक्यात वर आली. खालची वाळू त्याने हाताने सारली आणि तो वाकला. मग त्याने खिशातला जाड पेचकस काढला आणि जोर लावून खाली खुपसला. खट्. पेचकस आत गेला नाही. पुन्हा दुसरीकडे खुपसला. खट्. ‘आयला,’ मिस्त्री म्हणाला.

तुळई एका अंगाने पूर्वी कधीतरी कुजली होती. पण तो कुजका भाग कुणीतरी छिलून छिलून पार काढला होता, लाकूड निरोगी लागेपर्यंत. त्याला डांबर फासलं होतं, तेच कडेने मिस्त्रीला काळं दिसलं होतं. आणि तिला खेटून तिच्याच जाडीची नवी तुळई, नवी म्हणजे तेव्हाची, पितळी बोल्टांनी आवळून बसवली होती. बोल्टांखाली चकत्या होत्या त्या वजनकाट्यांच्या. तिने त्या ओळखल्या. असल्या चकत्या ह्यांच्या खिशात नेहमी खुळखुळायच्या. दोन्ही तुळयांच्या मध्ये काहीतरी जाड, राखाडी कोंबलेलं होतं. ‘हे काय भरलंय?’ म्हणत मिस्त्रीने सैल असलेला एक तुकडा ओढून काढला आणि झटकून तिच्या हातात दिला. धूळ होती, डांबराचा डाग होता, पण कापडाची वीण तिला हातालाच कळली. तुकड्याच्या एका कडेला तिची स्वतःची, शिकाऊ हाताची, जरा जास्तच जवळ जवळ घातलेली टीप होती. ‘माझा कोट!’ ती म्हणाली. ‘बाबांनी तुझा कोट फाडला?’ लेकीचा आवाज चढला. ‘फाडला नाही गं. कापला. केवढा वाकडा कापलाय बघ.’ आणि ती हसायला लागली. ‘करकरू नये म्हणून घातलंय,’ मिस्त्री म्हणाला, ‘लाकूड लाकडावर घासलं की करकर वाजतं. हे असलं मी कुठे पाहिलं नाही.’

तेव्हा तिला ती करकर आठवली. बारकी तान्ही होती. पहाटे कामाला निघण्याआधी ती स्वयंपाकघरात पाऊल टाकायची आणि जमीन करकरायची आणि पोर जागी होऊन रडायची आणि ती रडवेली व्हायची. एकदा ह्यांच्यावर ओरडलीही होती, जगाचे काटे नीट करता, घरातली एवढी करकर थांबत नाही तुमच्याकडून. करकर कधी थांबली ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. आवाज सुरू झालेला कळतो, थांबलेला कुणाला कळतो? पोर झोपायला लागली ती वयाने, असंच ती धरून चालली होती. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि मग ती सरळ रडली, मिस्त्रीच्या देखत, तो धुळकट तुकडा तोंडाशी धरून. खांदा दुखायचा तेव्हा काही नाही, आणि हे एवढं केलं तेव्हाही काही नाहीच. झाकायची सवय एकदा लागली की माणूस चांगलंही झाकतो. ह्यांच्यावरचा राग गेला असं तिला म्हणता आलं नसतं. पण तो राग आता एकटा नव्हता. आणि हे का वळसा घालून चालायचे? घरातले सगळे वळतात म्हणून! बायकोला तिथे पाय द्यायला आवडत नाही असं समजून, तो शहाणा माणूस स्वतःच्या पक्क्या कामाला आयुष्यभर वळसा घालत राहिला.

‘लाकूड झकास,’ मिस्त्रीने अंदाज चुकल्याची सारवासारव करत सांगितलं. ‘पण फरशी बसवणं काही त्यांचं काम नव्हे. निव्वळ वाळू भरलीय.’ मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने दांडा उचलला आणि बेसिनच्या भिंतीकडची, त्या दोघी उभ्या होत्या तिथलीच जमीन वाजवली. बद. पुन्हा बद. ‘तुम्ही जरा इकडे या बरं दोघी,’ तो म्हणाला. तिथल्या फरशा उचलल्या तेव्हा खालच्या फळ्या बोटाने कुस्करल्या जात होत्या. भिंतीतली नळी कुठेतरी थेंब थेंब गळत होती, आणि त्या ओल्या फळ्यांवरून हे सगळं कुटुंब अंग चोरून, कपाटाचा कोपरा धरून, इतकी वर्षं ये-जा करत होतं. लेक ते बघत राहिली, मग तिने दीर्घ श्वास सोडला. ‘फळ्या आणि नळी. हे धरलं होतं मी,’ ती म्हणाली. ‘तुळई ठीक आहे ना? नक्की?’ ‘मी गेलो तरी ती राहील,’ मिस्त्री म्हणाला.

लेक त्या दिवशी उशिरापर्यंत थांबली. निघताना ती म्हणाली, ‘म्हणजे तू येणार नाहीस.’ ‘नाही गं,’ आई म्हणाली. ‘मी खोली रिकामी करून ठेवली होती,’ लेक म्हणाली, आणि चपला घालायला खाली वाकून राहिली. तिला हवं होतं आई आपल्याकडे यावी. एवढी हिशेबी पोर, तिनेही आपली एक गोष्ट झाकूनच ठेवली होती. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. ‘असू दे रिकामी,’ ती म्हणाली. ‘मी येत जाईन राहायला. न विचारता.’

फळ्या बदलल्या, नळी बदलली, सगळ्या नव्या फरशा एका पातळीत बसल्या. कोटाचा तो तुकडा तिने परत होता तिथे खोचायला लावला. कपाट मिस्त्रीने दुसऱ्या भिंतीला सरकवलं. शेवटी हात धुऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘पाय देऊ नका हं काकू, ओलं आहे.’ ती त्याच्याकडे बघतच राहिली. ‘वाळलं की सांगा,’ ती म्हणाली. तो हो म्हणाला, आणि दुसऱ्या कामावर गेला तो गेलाच. मिस्त्री कधी फोन करतो होय!

पुढच्या सुट्टीला लेक आली तेव्हा आई ओट्याशी चहा करत होती. लेक बोलत बोलत आत शिरली, डावीकडे कलली, आणि कपाटाचा कोपरा धरायला तिने हात पुढे केला. कपाट तिथे नव्हतं. हात हवेतच राहिला, तरी पाय मात्र वळायचे ते वळलेच. आईने गॅस बारीक केला. ती चालत आली आणि मधल्या फरशीवर दोन्ही पाय टेकून उभी राहिली. फरशी हलली नाही, वाजली नाही.

‘बारके, सरळ ये,’ ती म्हणाली. ‘वाळलंय.’

लेकीने खाली पाहिलं. ‘कधी?’

‘केव्हाच,’ ती म्हणाली. ‘सांगायचं राहून गेलं.’